तीन मिलिमीटरचा चेहरा : एका लघुमाहितीपटाच्या नोंदी

१२ जून २०२४

वही आजपासून सुरू. लांबी अठरा-वीस मिनिटं. माणसं आम्ही तिघं : कॅमेरा सांभाळणारी मैत्रीण, ध्वनीचं बघणारा मित्र आणि मी.

विषय मार्चमध्येच मनात बसला होता. सोलापूरहून दुसऱ्याच कामासाठी नव्या किल्लारीत गेले होते आणि एका घरी चहाला थांबले. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. चेहरा मोठा, पण सगळा रवाळ. जवळ गेलं की नाक-डोळे विरघळायचे, दारापर्यंत मागं सरकलं की माणूस परत जमायचा. खांद्याशी राखाडी रंगाचा पट्टा मारलेला, त्याखालून दुसऱ्या कुणाची तरी बाही डोकावत होती. मी विचारलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "लग्नाच्या ग्रुपमधनं काढलाय. भूकंपाच्या नंतर. फोटोवाल्या मामानं करून दिला."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं भुईसपाट झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ज्या भिंतींवर फोटो टांगलेले होते, त्याच भिंती माणसांवर पडल्या.

म्हणजे मागं राहिलेल्यांकडं माणूसही नाही आणि त्याचा फोटोही नाही. आजींच्या भिंतीवरचा तो रवाळ चेहरा कुठून आला, याची ही फिल्म.

१४ जून

मामांची भेट. गावाचं आणि दुकानाचं नाव द्यायचं नाही, ही त्यांची पहिली अट. लातूर-उमरगा पट्ट्यातलं एक बाजारगाव, एवढंच. ते गाव हादरलं होतं पण उभं राहिलं. दुकान १९७८ चं. पुढच्या बाजूला आता पुतण्या पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि झेरॉक्स करतो. मागच्या खोलीत पत्र्याचे डबे आहेत. त्यांत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, प्रत्येक पाकिटावर नंबर, आणि त्या नंबरांची रजिस्टरं.

मामा बोलायला सावकाश. "ताई, तुम्ही कॅमेरा नंतर काढा. आधी च्या घ्या."

भूकंपानंतर पंधरा-वीस दिवसांनी एक म्हातारा दुकानात आला. काउंटरला हात टेकून उभाच राहिला, बोलेना. मग म्हणाला, "माझ्या पोराचं लगीन तूच काढलंतास." मामांनी रजिस्टर उघडलं. १९८९ चा वैशाख. रोल सापडला, ग्रुप सापडला. बत्तीस माणसांच्या त्या ग्रुपमधला मुलगा त्या रात्री वेगळा काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या गावचे आणखी तिघं आले.

२२ जून

निगेटिव्ह बघायला दोन दिवस घेतले. बहुतेक १२० चे रोल, एका रोलवर बारा फोटो, सहा बाय सहा सेंटीमीटरची चौकोनी चौकट. कॅमेरा याशिका मॅट १२४ जी, दोन भिंगांचा, वरून खाली वाकून बघायचा. तो अजून कपाटात आहे, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. काही पाकिटांवर 'इंदू' लिहिलंय. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ती काळी-पांढरी फिल्म.

एका डब्याचं झाकण काढलं तर व्हिनेगरचा आंबट वास. ॲसिटेटची फिल्म जुनी होऊन कुजायला लागली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागण होते. तो डबा वेगळा केला. मामांना वाईट वाटलं. "पावसाळ्यात शेगडी लावून खोली कोरडी ठेवायचो. मागं दोन वर्षं जमलं नाही."

दिव्याच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो भिंगानं टिपत चाललोय. एका बसणीत चाळीस चौकटी, त्यापुढं डोळे चुकायला लागतात. हे काम फिल्मसाठी आहेच, पण उद्या मामांच्या मागंही या प्रतिमा राहाव्यात म्हणूनही. एक संच त्यांच्या पुतण्याकडं राहील, हे कागदावर लिहून दिलं.

५ जुलै

डार्करूम पुन्हा उभी केली. एनलार्जर (निगेटिव्हवरचं चित्र कागदावर मोठं करून पाडायचं यंत्र) चालू स्थितीत होता, बल्ब बदलला. ब्रोमाइड पेपर मुंबईहून मागवला, महाग पडला. चित्र उमटवायला मेटॉल आणि हायड्रोक्विनोन, ते पक्कं करायला हायपो, तीन ट्रे, लाल दिवा.

मामांनी त्या वेळी काय केलं ते हातानं करून दाखवलं, आणि इथं मला पहिल्यांदा या कामाचं माप कळलं. ग्रुप फोटोच्या निगेटिव्हवर एकेकाचा चेहरा जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो. भिंतीवर लावायला तो निदान दहा सेंटीमीटरचा हवा. म्हणजे तेहतीस पट. टेबलावरच्या एनलार्जरची दांडी एवढी उंच नसते. मामांनी एनलार्जरचं डोकं फिरवून टेबलाच्या बाहेर काढलं, तोल जाऊ नये म्हणून पाटावर वजनकाट्याची मापं ठेवली, आणि प्रतिमा थेट जमिनीवर पाडली. तेवढं अंतरही पुरेना, म्हणून ७५ मिलिमीटरचं भिंग काढून ५० चं लावलं, त्यानं तेवढ्याच अंतरात चित्र मोठं पडतं. लहान भिंग चौकटीच्या कडा कापतं, पण इथं सगळी चौकट हवी कुणाला होती? निगेटिव्ह सरकवून हवा तो चेहरा मधोमध आणायचा, बस.

एवढ्या उंचीवरून प्रकाश पातळ होतो. एका प्रिंटला दोन-दोन मिनिटं उजेड द्यावा लागे. आणि बाहेरच्या रस्त्यावरून रात्रंदिवस मदतीचे ट्रक. ट्रक गेला की टेबल थरथरे, चेहरा हले, कागद वाया. "मग रात्री दोन-अडीचला उठायचो. ट्रक जरा कमी असायचे. तरी मधीच जमीन हलायची. लहान धक्के चालूच होते ना. मग कागद फेकायचा आन पुन्हा लावायचा."

हे ते जमिनीवर उकिडवे बसून सांगत होते, हातात कोरा कागद धरून. हा शॉट फिल्मचा कणा आहे. लाल उजेडात घेतलाय, चित्रात दाणे (नॉइज) भरपूर आहेत, असू दे.

६ जुलै

काल रात्रीचा पहिला प्रिंट आमच्यामुळं गेला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा उजेड कागदावर पडत होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. डेव्हलपरमध्ये टाकल्यावर कागद कडेपासून काळवंडत गेला. महागाचा कागद, आणि त्याहून वाईट म्हणजे मामांचे अर्ध्या तासाचे कष्ट. मी माफी मागितली. आज पडद्यावर लाल जिलेटीनचे दोन पदर चिकटवले.

दुसऱ्या वेळेस आला. ट्रेमध्ये आधी केस उमटले. मग भुवया, मग डोळ्यांची बुबुळं. मग कपाळावर कुंकवाचा गोल. गाल सगळ्यात शेवटी. जे काळं ते आधी येतं, उजळ भागाला वेळ लागतो. रसायनशास्त्र एवढंच आहे. पण लाल अंधारात चेहरा नसलेले दोन डोळे आपल्याकडं बघायला लागतात, त्या दहा-पंधरा सेकंदांत खोलीत कुणी श्वास घेत नाही. मामा म्हणाले, त्या वेळी लोक हट्टानं आत यायचे, उभे राहायचे. "मी नको म्हणायचो. एका बाईनं ट्रेमधी हात घातला. गाल पुसायला."

हा प्रसंग मुलाखतीत पुन्हा विचारायचा नाही. एकदा सांगितलाय तेवढा पुरे.

१९ जुलै

सोलापुरात बैठक. वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

ध्वनीवाल्या मित्राचं म्हणणं : आज पंचविशीतला प्रेक्षक भूकंपानंतर जन्मलेला आहे. ढिगाऱ्यांचं जुनं चित्रण दाखवलं नाही तर मामा कशासाठी रात्री दोनला उठत होते ते त्याला कळणार कसं? मुद्दा खोटा नाही.

माझं मन तिकडं वळत नाही. भोपाळची वायुदुर्घटना म्हटलं की मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या बाळाचा चेहरा समोर येतो. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, या दोन्ही छायाचित्रकारांनी तो टिपला. त्या चित्रानं जगाला जे सांगायचं ते सांगितलं, त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण ते चित्र बघणाऱ्यासाठी आहे, बाहेरच्यासाठी आहे. ते घरात कोण लावेल? किल्लारीच्या घरांत जे लावलंय ते भूकंपाच्या आधीचं आहे : लग्नातला फेटा, जावळातलं टोपडं, शाळेच्या ग्रुपमधली दुसरी रांग. आपली फिल्म त्या फोटोंबद्दल आहे, मग ढिगारा कशाला?

निर्णय झाला नाही. वहीत फक्त लिहून ठेवते : भूकंप दाखवायचा कसा?

१० ऑगस्ट

तेरणाकाठच्या एका पुनर्वसित गावात मावशींची मुलाखत. नाव, गाव नको म्हणाल्या, चेहरा चालेल म्हणाल्या.

त्यांच्याकडचा फोटो नऊ वर्षांच्या मुलीचा. १९९१ मध्ये मावशींच्या भावाच्या लग्नात, मांडवाखाली काढलेला ग्रुप. मांडवात उजेड कमी, शटरचा वेग कमी ठेवलेला. सगळे श्वास धरून उभे आणि ही कडेला उभी राहून त्याच क्षणी वळली. चेहऱ्याची एक बाजू वाहून गेल्यासारखी. वेणीची रिबीन तेवढी लख्ख, कारण ती भिंतीला टेकली होती.

मामांनी तेव्हाच सांगितलं होतं : माय, हिचा नीट येणार नाही, हललीय. दुसरा कुठला असेल तर बघू. दुसरा नव्हता. मावशी म्हणाल्या, "ती कदी गप उबी ऱ्हायली व्हती का? हाय तसाच द्या."

मामांची सवय अशी की निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं टच-अप करायचा, डोळे जरा उघडे करायचे, डाग झाकायचे. बाकीच्यांचे केले. हिचा केला नाही. पेन्सिल हातात घेऊन बसले होते म्हणे बराच वेळ.

मुलाखत चाळीस मिनिटांची, फिल्ममध्ये चार येतील. मावशींनी फोटो भिंतीवर टांगलेला नाही. चुलीच्या खोलीत, फळीवर, डब्यांच्या मधे उभा केलाय. डबा काढताना तो बाजूला सरकवावा लागतो. रोज दोन-चार वेळा हात लागतो, म्हणून चौकटीचा उजवा कोपरा गुळगुळीत झालाय. मैत्रिणीनं तो कोपरा घेतला, मी सांगायच्या आधी.

११ ऑगस्ट

कालच्या ध्वनीत फ्रीजची घरघर आहे. काढता येईल तेवढी काढू, उरलेली राहील.

२४ ऑगस्ट

जोडफोटो. हा भाग मला आधी ठाऊक नव्हता आणि फोटोच्या कलेचा जो काही अर्थ असतो तो मला इथं दिसला.

नवरा एका निगेटिव्हवर, बायको दुसऱ्या. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. मागं राहिलेल्या मुलाला आई-बाप शेजारी शेजारी हवे होते. मामांनी दोन्ही चेहरे एकाच मापाचे छापले, कात्रीनं कापले, एका पुठ्ठ्यावर चिकटवले, कडांवर ब्रशनं रंग फिरवला आणि त्या पुठ्ठ्याचा पुन्हा फोटो काढला. पण नवऱ्यावर उजेड डावीकडून आणि बायकोवर उजवीकडून. शेजारी ठेवले की डोळ्याला खुपायचं, दोघं दोन ठिकाणचे वाटायचे. मग त्यांनी बाईची निगेटिव्ह उलटी घातली. सावली जुळली. आणि नथ उजव्या नाकपुडीत गेली.

मुलाला प्रिंट देताना त्यांनी स्वतःहून चूक दाखवली. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आरशात अशीच दिसायची ती. मी पाठीमागं उभा ऱ्हायचो, ती कुंकू लावायची."

तो मुलगा आज चाळिशीत आहे, आम्हाला फोटो काढू दिला, स्वतः कॅमेऱ्यासमोर आला नाही. त्याचं हे वाक्य मामांच्याच तोंडून येईल.

फोटो खरं सांगतो की खोटं, यावर लोक फार बोलतात. सावली जुळवण्यासाठी नथ बदलणारा माणूस आणि उलट्या नथीत आरसा ओळखणारा मुलगा, हे दोघं मला त्या सगळ्या चर्चेच्या पुढचे वाटतात.

८ सप्टेंबर

१९९३ चं रजिस्टर पहिल्यांदा नीट चाळलं. इतके दिवस आम्ही निगेटिव्हच्या मागं होतो, रजिस्टर फक्त नंबर शोधायला उघडत होतो.

निळ्या शाईत ओळ : २९ सप्टेंबर, गणेश मंडळ, ग्रुप, २ पोझ, ॲडव्हान्स ३० रुपये. त्याखाली एक कोरी ओळ सोडलेली. मग काळ्या शाईत : १९ ऑक्टोबर, जुना रोल, एक चेहरा मोठा. त्यानंतर अकरा पानं हेच. एक चेहरा मोठा. एक चेहरा मोठा. दोन चेहरे मोठे. पैशांचा रकाना कोरा. नंतर नंतर कुठं कुठं आकडा आहे, तो फ्रेमचा. लोकांनी फ्रेमचे पैसे तरी घ्याच म्हणून दिलेले.

मित्राला पान दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ढिगारे नकोत. ही ओळ दाखव."

भूकंप फिल्ममध्ये या कोऱ्या ओळीएवढा असेल.

१० सप्टेंबर

पण २९ सप्टेंबरच्या त्या रोलचं काय?

मामांनी तो ऑक्टोबरअखेर धुतला. बारापैकी दोन चौकटींत मंडळाची पोरं, कपाळावर गुलाल, मागं ट्रॅक्टरवर मूर्ती. एकवीस जण. त्यांतले किती सकाळी उठले, ते मी इथं लिहीत नाही.

मला ती चौकट फिल्ममध्ये हवी होती, हे कबूल करते. पाहिल्या क्षणापासून हवी होती. सगळ्या फिल्मचा शेवट तिथंच डोळ्यांसमोर आला. मामा म्हणाले, "मी हो म्हणणारा कोण? त्यातली तिघं हायत अजून. त्यांना इचारा."

१५ सप्टेंबर

विचारलं. एक पुण्यात असतो, फोनवर बोलला : दाखवा. दुसरा म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल तसं. तिसरा त्याच गावात आहे, शेतात सोयाबीन बघायला गेला होता, बांधावर गाठलं. त्यानं लॅपटॉपवर चौकट पाहिली, एकेकाचं नाव घेत बोट फिरवलं, एकवीसही नावं. मग म्हणाला, "नको."

मी कारण विचारलं नाही. चौकट फिल्ममध्ये नाही. तिघांना एकेक प्रिंट मामांच्या हातानं करून द्यायचा ठरलं.

३० सप्टेंबर

जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी. कॅमेरा आणला नाही, फक्त ध्वनीचं यंत्र. यंदा हा दिवस पितृपंधरवड्यात आला. लोक फुलं वाहत होते. एक आजोबा फ्रेम पिशवीत घालून घेऊन आले होते. पिशवीतून काढली, स्तंभाला टेकवून ठेवली, थोडा वेळ थांबले, परत पिशवीत घातली. फ्रेममध्ये रवाळ चेहरा. मी आता लांबूनही ओळखते, तो मामांचा हात आहे.

१४ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर

एडिट. वेगळ्या तारखा टाकत नाही.

स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकवायचा, चेहऱ्याकडं नेत न्यायचं, ही माहितीपटाची जुनी रीत. पहिल्या जुळणीत आम्हीही तेच केलं. बघताना जाणवलं की सरकणारा कॅमेरा प्रेक्षकाचं बोट धरून त्याला दुःखाकडं नेतो. फोटो स्वतः हलत नाही, हीच तर त्याची ताकद आहे. बघणाऱ्याला स्वतःहून पुढं-मागं व्हावं लागतं, जसं मी आजींच्या घरी दारापर्यंत मागं सरकले होते. सगळ्या हालचाली काढल्या. मावशींच्या मुलीचा फोटो ३८ सेकंद, एकच चौकट. मागं चुलीच्या खोलीतला आवाज, डब्यांचा, आणि ती फ्रीजची घरघर. ती आता काढावीशी वाटत नाही.

संगीत नाही. एका ठिकाणी तंबोरा लावून बघितला, त्याच दिवशी काढला.

कोरी ओळ : १२ सेकंद. नंतर मामांचा आवाज, अकरा पानं वाचताना. "एक चेहरा मोठा." सगळी पानं वाचून घेतली होती, फिल्ममध्ये दीड पान आहे.

एकूण लांबी १९ मिनिटं.

२२ डिसेंबर

पहिला खेळ नव्या वस्तीतल्या समाजमंदिरात, संध्याकाळी सातला. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, सतरंज्या. शंभरेक माणसं. मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलीचा फोटो पडद्यावर आला, सहा फूट उंच. मला भीती होती. त्या शेजारणीला म्हणाल्या, "बग, रिबीन बग," आणि बघत राहिल्या.

संपल्यावर टाळ्या नाहीत, कुणी उठेनाही. मग मागून एक माणूस पुढं आला, पन्नाशीचा, हातात टोपी. तो मामांना म्हणाला, पहिल्या लग्नाच्या ग्रुपमध्ये मागं खांबाला टेकून एक जण उभा आहे, अर्धाच दिसतो, पाहुण्यांतला नाही, वाजंत्री आहे. तो माझा बाप. त्याचा फोटो आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आम्ही फिल्म मागं नेऊन ती चौकट थांबवली. खांब, सनईचं टोक, त्यावर अर्धा चेहरा.

२३ डिसेंबर

सकाळी दुकानात हार्डडिस्क द्यायला गेले. मामांनी मागच्या खोलीतून रजिस्टर मागवलं होतं. शेवटची नोंद २००६ ची. त्याखाली पुतण्याच्या बॉलपेननं आजची तारीख घातली आणि लिहिलं : जुना रोल, अर्धा चेहरा मोठा. मग मला विचारलं, "ताई, त्या कागदातले किती राहिलेत?"

सात राहिलेत.